रावेरचा संगणक बंद आहे

दुपारी दोनच्या जळगाव गाडीनं बातम्यांचं पाकीट गेलं पाहिजे होतं, आणि रुपचंद महाजनच्या पाकिटात अजून चार ओळी कमी होत्या. रुपचंद हा 'दैनिक पूर्वतापी'चा रावेरचा वार्ताहर. बसस्टँडसमोर त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. तिथूनच तो पेपर वाटायचा आणि तिथूनच बातम्या पाठवायचा. आज एका पुढाऱ्याचं भाषण, ट्रॅक्टर आणि बैलगाडीची टक्कर आणि केळीवरचा करपा रोग, एवढंच जमलं होतं. तीनच बातम्या गेल्या की जळगावहून फोन यायचा, तुमच्याकडे काही घडत नाही का म्हणून. गेल्या महिन्यात असा फोन दोनदा आला होता, आणि दुसऱ्या वेळी बोलता बोलता सावद्याच्या एका लिहित्या मास्तरांचं नाव निघालं होतं. तेव्हापासून रुपचंदला घास गोड लागत नव्हता.

लुना स्टँडकडे दामटताना त्याला हरितकुंज केळी उत्पादक संस्थेच्या ओट्यावर पुना शिपाई बसलेला दिसला. या संस्थेत आठ दिवसांपूर्वी संगणक आला होता. तालुक्यातला पहिलाच. शहाण्णव साल होतं. संगणक नेमका करतो काय हे रावेरात फार थोड्यांना माहीत होतं, पण मेरिडॉन आणि त्रिकाल ही दोन नावं सगळ्यांना पाठ होती. दोन्ही कंपन्या अख्ख्या देशात संगणक विकायच्या आणि एकमेकींच्या वाईटावर टपलेल्या असायच्या. एकीची अर्धं पान जाहिरात आली की दुसऱ्या दिवशी दुसरीची पूर्ण पान. शहरं वाटून घेऊन झाल्यावर आता दोघींचं लक्ष शेतकऱ्यांच्या संस्थांकडे वळलं होतं. रावेरची केळीसंस्था मेरिडॉननं पटकावली, धुळ्याची एक सूतगिरणी त्रिकालनं. यंत्रं जागेवर पोचायच्या आधीच दोघींनी ते मुंबईच्या पेपरांतून देशाला कळवलं. 'रावेरच्या केळीबागांचा कारभार आता मेरिडॉनवर' अशी जाहिरात रुपचंदनं स्वतःच घरोघर टाकली होती.

तो लुनावरून उतरला नाही. एक पाय ओट्याला टेकवून त्यानं विचारलं, "काय पुना, संगणक चालू झाला का?"

पुना मूळचा धुळ्याकडचा. वीस वर्षं रावेरात काढूनही त्याची बोली बदलली नव्हती. "उना तवयपाईन बंदच शे भाऊ," तो म्हणाला. "खोलीले कुलूप शे. कोन्ही हात लावत नही."

रुपचंदनं गुडघ्यावरच कागद धरून लिहिलं: 'येथील हरितकुंज संस्थेत आलेला मेरिडॉन कंपनीचा संगणक आठ दिवसांपासून बंद आहे.' आणखी तीन ओळी त्याला जोडल्या, पाकीट चिकटवलं आणि निघालेल्या गाडीच्या मागे लुना पळवून ते कंडक्टरच्या हातात दिलं. मग त्यानं स्टँडवर निवांत चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पेपरचा गठ्ठा सोडला आणि त्याच्या हातातली सुतळी हातातच राहिली. त्याची बातमी पहिल्या पानावर होती. आजवर एकदाही न मिळालेली जागा. मथळा होता: 'रावेरचा संगणक बंद पडला, मेरिडॉनच्या दाव्याचा फज्जा'. खाली मजकुरात 'बंद आहे'चं 'बंद पडला आहे' झालं होतं, 'शेतकऱ्यांत तीव्र नाराजी' ही ओळ वाढली होती आणि शेवटी 'आमच्या वार्ताहराने प्रत्यक्ष पाहणी केली असता' असे शब्द होते. वृत्तसंपादक धनसिंग राजपूत यांचा हात मोठा सढळ होता.

पहिल्या पानाचा आनंद रुपचंदला फार वेळ पुरला नाही. आठ वाजता संस्थेचे चेअरमन कौतिक पाटील यांचं बोलावणं आलं. कौतिकआबा सत्तरीचे, कमी बोलणारे. तालुक्यात त्यांचा शब्द मानायचे. त्यांनी पेपर रुपचंदपुढे ठेवला आणि विचारलं, "काय पाह्यलं तू प्रत्यक्ष?"

रुपचंदनं पुनाचं नाव सांगितलं. आबांनी त्याला उठवून संस्थेत नेलं आणि मागच्या खोलीच्या खिडकीतून आत बघायला लावलं. आत टेबलावर एक मोठा पुठ्ठ्याचा खोका होता, वर मेरिडॉनचं नाव, आणि तो आला तसाच चिकटपट्टीनं बंद होता.

मग आबांनी सगळं सांगितलं. खोका आला तो पितृपक्षात. पितृपक्षात नव्या वस्तूला हात लावायचा नाही असं बेबाबाईंनी, म्हणजे त्यांच्या घरातून, बजावलं. खोलीची चावी त्यांच्याच कमरेला होती. घटस्थापनेला सकाळी पूजा करून खोका उघडायचा असं ठरलं होतं. यंत्र बिघडलेलं नव्हतं आणि चांगलंही नव्हतं. ते अजून कुणी पाहिलंच नव्हतं.

"आबा, उद्या खुलासा टाकतो," रुपचंद म्हणाला.

पण खुलाशाला उद्यापर्यंत वेळच मिळाला नाही. जळगावच्या पेपराची ती बातमी सकाळीच त्रिकालच्या हाती लागली आणि दुपारपर्यंत मुंबईला पोचली. तिसऱ्या दिवशी मुंबई, पुणे, नागपूर, सगळीकडच्या पेपरांत त्रिकालची जाहिरात झळकली. वर 'पूर्वतापी'चं कात्रण आणि खाली ठळक अक्षरांत: 'रावेरला बंद, धुळ्याला चालू. फरक कशाचा?' त्याखाली त्रिकालचं तीन डोळ्यांचं चिन्ह. एका मोठ्या इंग्रजी पेपरनं तर केळीच्या पट्ट्यात संगणकांचं युद्ध पेटल्याचं लिहिलं आणि रावेर नकाशात कुठे येतं तेही छापलं.

मेरिडॉनची नोटीस त्याच दिवशी 'पूर्वतापी'च्या फॅक्सवर आली. बातमी खोटी असल्याची कबुली आणि माफी पहिल्या पानावर छापा, नाहीतर कोर्टात भेटू. धनसिंगांनी रुपचंदला फोनवर घेतलं. एसटीडी बूथच्या काचेत उभ्या उभ्या त्याला घाम फुटला.

"रुपचंद, तू स्वतः पाहिलं होतं ना?"

"संस्थेतल्या जबाबदार माणसानं सांगितलं होतं, साहेब."

"कोण? सेक्रेटरी?"

रुपचंदनं बूथमधल्या मीटरचे पळते आकडे पाहिले. "त्याच्या थोडा खालचा."

प्रत्यक्ष पाहणीचे शब्द आपण घातलेच नव्हते, हे सांगायचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण फोनच्या त्या टोकाला ज्यानं ते घातले तोच बसला होता, त्यामुळे ते ओठावरच राहिलं. पितृपक्षाचा प्रकार मात्र त्यानं सांगितला. धनसिंगांनी मग हिशेब सोपा करून सांगितला. घटस्थापनेला खोका उघडेल. संगणक चालला तर रुपचंदनं माफीनाम्यावर सही करायची आणि वार्ताहराचं ओळखपत्र सावद्याच्या मास्तरांसाठी परत पाठवायचं. नाही चालला तर पेपर त्याच्या पाठीशी.

त्या संध्याकाळी पुण्याहून मेरिडॉनचे विभागीय व्यवस्थापक श्रीखंडे दोन इंजिनियर आणि सुट्या भागांची पेटी घेऊन मोटारीनं रावेरला आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, खोका आत्ता का उघडता येत नाही. आबांनी त्यांना घरी नेलं. बेबाबाईंनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आमच्या सुनेनं माहेरची नवी साडी पेटीत ठेवेल हाये. ती थांबली, तुमचं यंत्र थांबत नही का?"

श्रीखंड्यांनी मग आबांकडे लेखी मागितलं की संगणक उत्तम आहे. आबा म्हणाले, पाहिल्याशिवाय उत्तम कसं लिहू. खोका जशाच्या तसा बंद आहे एवढं लिहून देतो. ते श्रीखंड्यांना परवडणारं नव्हतं, कारण रावेरचा कारभार मेरिडॉनवर चालू झाल्याचं कंपनीनं अख्ख्या देशाला सांगितलं होतं. खोक्यातून कारभार कसा चालतो, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर पंचाईत होती. त्यांनी ते कागदाचं प्रकरण मिटवलं आणि सगळा राग रुपचंदवर काढला. दुकानात येऊन टाईप केलेला माफीनामाच त्याच्या हातात ठेवला. 'सदर वृत्त पूर्णतः असत्य, खोडसाळ व पाहणी न करता दिलेले होते.' फक्त सही आणि तारीख बाकी.

दोन दिवसांनी त्रिकालचे बखलेही आले. ते हसतमुख होते. त्यांनी घटस्थापनेच्या दिवसासाठी जळगावहून पाच बातमीदार आणि एक फोटोग्राफर एका जीपमध्ये आणायची सोय केली होती, रावेरचा बंद संगणक जगाला दाखवायला. विश्रामगृहात दोनच चांगल्या खोल्या होत्या, तेव्हा दोन्ही साहेब शेजारी शेजारी राहिले. सकाळी नळावर एकमेकांना भेटले की दोघंही टॉवेल ठीक करण्यात गुंतायचे. बखले रुपचंदला भर बाजारात खांद्यावर हात टाकून फिरवायचे आणि निर्भीड पत्रकार म्हणून ओळख करून द्यायचे. हे श्रीखंडे पाहायचे, आणि आबाही पाहायचे. श्रीखंड्यांपेक्षा आबांच्या बघण्यानं रुपचंद जास्त खचायचा.

ते दिवस त्यानं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. दुकानात गिऱ्हाईक रेघी वही मागायचं, तो चौकटी द्यायचा. खिशात माफीनामा होता, त्याची घडी घामानं मऊ पडली होती. अमावस्येला तो मारुतीच्या देवळात जाऊन हात जोडून उभा राहिला आणि काय मागावं हेच त्याला सुचेना. यंत्र चालू दे म्हणावं तर आपली वार्ताहरकी जाते. बंद पडू दे म्हणावं तर आबांनी एवढ्या हौसेनं आणलेली, तालुक्यातली पहिली वस्तू आपणच मोडून मागितल्यासारखं होतं. तो नुसताच नमस्कार करून परतला.

घटस्थापनेला सकाळी नऊ वीसचा मुहूर्त होता. साडेआठलाच संस्थेच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बागांतली माणसं ट्रॅक्टर भरभरून आली होती. श्रीखंडे, त्यांचे इंजिनियर, बखले, जीपमधले बातमीदार, आणि दोन्ही कंपन्यांचा माल विकणारे जळगावचे विक्रेते लोटनशेठ, पेढ्यांचा पुडा घेऊन. बेबाबाईंनी कमरेची चावी काढून दिली. खोक्याला हळदकुंकू लागलं, हार पडला. आबांनी नारळ फोडला. पुनानं चिकटपट्टी कापली, पांढऱ्या थर्माकोलच्या ठोकळ्यांतून इंजिनियरांनी यंत्र उचललं आणि टेबलावर ठेवलं.

यंत्राच्या कपाळावर तीन डोळे होते.

रुपचंदनं खोक्यावरचं नाव पुन्हा वाचलं. मेरिडॉन. मग यंत्रावरचं. त्रिकाल. लोटनशेठ पेढ्यांच्या पुड्यासकट खाली बसले. श्रावणात जळगावच्या कृषी प्रदर्शनात दोन्ही कंपन्यांची यंत्रं त्यांच्याच मंडपात शेजारी शेजारी मांडली होती, आणि परत भरताना त्यांच्या हमालांनी खोके बदलले होते आणि त्यातलाच एक रावेरला आला होता, हे ते नंतर तुटक तुटक बोलले. त्या क्षणी त्यांना पाणीच लागलं.

"मुहूर्त चाललाय," बेबाबाई दारातून म्हणाल्या.

आबांनी खूण केली आणि इंजिनियरनं बटण दाबलं. आत पंखा घरघरला, एक बारीकशी शिट्टी वाजली, आणि पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं. पुन्हा काळा. बखले घाईघाईनं म्हणाले की गावाकडचा वीजदाब कमी असणार. श्रीखंड्यांच्या इंजिनियरनं, कुणी न सांगताच, पेटीतून मोजायचं यंत्र काढून दाब मोजला आणि आकडा मोठ्यानं वाचला. दाब चांगला होता.

रुपचंदच्या लक्षात आलं की आपण वाचलो. संगणक बंद होता. पण आनंद व्हायच्या आतच श्रीखंडे त्याच्याजवळ आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "तो माफीनामा फाडून टाका, रुपचंदभाऊ. तुमची बातमी शंभर टक्के खरी आहे. एक शब्दसुद्धा बदलू नका. फक्त कंपनीचं नाव दुरुस्त करा."

दुसऱ्या बाजूनं बखले आले. त्यांचं हसू गेलं होतं. "असं कसं? बंद 'पडला' केव्हा? जो कधी चालूच केला नाही तो बंद कसा पडेल? बातमीदारानं शब्द जपून वापरावा. तुम्ही माफी मागायलाच हवी."

रुपचंद आठ दिवस ज्याला त्याला हेच समजावत होता. आता तेच बखले त्याला समजावत होते.

तेवढ्यात एका जळगावच्या बातमीदारानं साधाच प्रश्न विचारला, मग मेरिडॉनचा संगणक कुठे आहे? सगळ्यांनी लोटनशेठकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "धुळ्याला. सूतगिरणीत. चांगला चालू आहे."

धुळ्याच्या लोकांनी यंत्रावरचं नाव वाचलं होतं म्हणे. पण खोका त्रिकालचा, कागद त्रिकालचे, तेव्हा कंपनीचंच दुसरं नाव असेल म्हणून ते गप्प बसले. म्हणजे रावेरला बंद होता तो त्रिकालचा आणि धुळ्याला चालू होता तो मेरिडॉनचा. बखल्यांनी खुर्ची ओढून घेतली. श्रीखंडे उजळले आणि तितक्यात आबांनी त्यांना विचारलं, "मंग साहेब, पंधरा दिवस आमचा कारभार कोण्या यंत्रावर चालू व्हता?" तेही खुर्चीत बसले.

दोघं साहेब सेक्रेटरीच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. अर्ध्या तासानं बाहेर आले तेव्हा एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही करत होते. मग एकाच मोटारीतून ते भुसावळला गाडी पकडायला गेले. जाताना जीपमधल्या बातमीदारांशीही काही बोलणं झालं.

रुपचंदनं मात्र त्या दिवशी दोनच्या गाडीची वाट पाहिली नाही. त्यानं अडीच पानं लिहिली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, ऐकलं होतं, माणसांची नावं तपासली होती. बूथवर उभं राहून त्यानं ती धनसिंगांना शब्दन् शब्द वाचून दाखवली. धनसिंग दोनदा मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "फार उत्तम लिहिलंयस. आता केळीच्या भावाचं काही असेल तर दे."

दोन्ही कंपन्यांनी मिळून आठ पानांची पुरवणी ठरवली होती, 'शेती आणि संगणक'. पूर्वतापीलाच नव्हे, जळगावच्या सगळ्या पेपरांना. नोटीस मागे घेतली होती. रुपचंदचं ओळखपत्र त्याच्याकडेच राहणार होतं, शिवाय दोन्ही साहेबांनी त्याच्या जबाबदार पत्रकारितेचं कौतुक केलं होतं, असंही धनसिंगांनी सांगितलं. रुपचंदनं अडीच पानं घडी करून माफीनाम्याच्याच खिशात ठेवली.

पुरवणी दसऱ्याला आली. पहिल्या पानावर आबांच्या दोन बाजूंना दोन साहेब, हसत. खाली मोठा लेख होता, 'संगणकाने बदलले रावेर', आणि लेखावर ठळक अक्षरांत नाव: रुपचंद महाजन, रावेर. रुपचंदनं तो लेख इतरांसारखाच, छापून आल्यावर पहिल्यांदा वाचला. त्यात लिहिलं होतं की हरितकुंज संस्थेत आता कुणाच्या बागेची कापणी कोणत्या दिवशी आणि ट्रक किती वाजता, याची चिठ्ठी शेतकऱ्याला एका मिनिटात मिळते.

एव्हाना संस्थेत दोन संगणक आले होते, एकेका कंपनीकडून एकेक, नवे कोरे. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी झाकून ठेवले होते. चालवायला शिकवणारा माणूस कोणत्या कंपनीचा असावा यावर पत्रव्यवहार सुरू होता आणि तो दिवाळीनंतर येणार होता.

पुरवणी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुना दुकानात आला. "भाऊ, आबा बलाई ऱ्हायनात. आत्तेच चला."

संस्थेसमोर पन्नास-साठ शेतकरी रांगेत उभे होते, प्रत्येकाच्या हातात पुरवणी. रांगेतल्या पहिल्यानं रुपचंदला पाहिलं आणि लेखावरच्या नावावर बोट ठेवून मागच्याला दाखवलं. आबा टेबलापाशी बसले होते. त्यांनी समोरची खुर्ची पायानं पुढे सरकवली. त्यांच्यापुढे कापणीच्या पाळ्यांची वही, कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि एक बॉलपेन होतं.

"तू लिह्यलं ना, मिनिटात चिठ्ठी भेटते? मंग बस अन दे."

"आबा, तो लेख मी..." रुपचंद सुरू झाला आणि थांबला. रांग त्याच्याकडे बघत होती. पंधरा वर्षांच्या वार्ताहरकीत त्याचं नाव छापून आलेलं त्या माणसांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

तो खुर्चीत बसला. पहिल्याचं नाव विचारलं, गाव विचारलं, बाग किती खोडांची ते विचारलं, वहीत पाळी पाहिली, चिठ्ठी लिहिली आणि फाडून दिली. शेतकऱ्यानं ती वाचली, मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि समाधानानं मान हलवून बाजूला झाला. मिनिटाला दोन-तीन सेकंद कमीच लागले होते.

"पुढचा," रुपचंद म्हणाला.